मुलं महापालिकेच्या शाळेत आहेत. घरी वॉल्डॉर्फ पद्धत कशी आणता येईल?

तुम्ही लिहिलंय की घणसोलीत राहता, मुलं पहिलीत आणि तिसरीत आहेत, वॉल्डॉर्फ शाळेची फी झेपणारी नाही. तर घरी काही करता येईल का? येईल. वॉल्डॉर्फ म्हणजे खेळ, हातकाम, चित्रं आणि गोष्टी यांतून मुलांना शिकवायची पद्धत. माझी दोघं ठाण्यात महापालिकेच्या मराठी शाळेत जातात आणि चार वर्षं आमचं हे चालू आहे. फक्त घरात दुसरी शाळा काढू नका. मी काढली होती. संध्याकाळी सहाला मुलं दमून आलेली, आणि मी त्यांना वॉल्डॉर्फ शाळेसारखं ओल्या कागदावर जलरंग द्यायला बसवायचे. तिसऱ्या दिवशी थोरला म्हणाला, "आई, इथली शाळा कधी सुटते?"

सामानाच्या मागेही लागू नका. मधमाशांच्या मेणाचे महागडे खडू मी हौसेने मागवले. मे महिन्यात ते खिडकीच्या ग्रिलमध्ये विसरले, तर सगळ्या रंगांचा एकच गोळा. ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ श्टायनरने पहिली वॉल्डॉर्फ शाळा १९१९ मध्ये जर्मनीत स्टुटगार्टला सुरू केली ती वॉल्डॉर्फ-अस्टोरिया सिगारेट कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी. नाव तिथूनच आलं. कामगारांच्या मुलांची शाळा आज आपल्याला परवडत नाही, काय म्हणायचं!

घरी आणण्यासारखी खरी गोष्ट म्हणजे दिवसाची लय. त्या पद्धतीत तिला श्वासाची उपमा देतात. लक्ष देऊन बसणं म्हणजे श्वास आत, मोकळं खेळणं म्हणजे श्वास बाहेर. शाळेत मुलं पाच तास बहुतेक आतच घेत असतात. म्हणून आमच्याकडे शाळेतून आल्यावर हातपाय धुणं, खाणं आणि थेट खाली खेळायला. दिवेलागणीला वर येऊन गृहपाठ. "आज काय शिकवलं?" हा प्रश्न मी बंद केलाय, तो जेवताना आपोआप निघतो. हा क्रम पाहुणे आले तरी बदलत नाही. पूर्वी गृहपाठावरून रोज रडारड व्हायची, आता अर्ध्या तासात वह्या मिटतात.

आठवड्यालाही लय असते. वॉल्डॉर्फ बालवाड्यांमध्ये वाराला धान्य ठरलेलं असतं. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण माझ्या सासूबाई आयुष्यभर वेगळं काय करत होत्या? आमच्याकडे सोमवारी मुगाची खिचडी, बुधवारी ज्वारीची भाकरी, शुक्रवारी नाचणी. धाकटीला कॅलेंडर कळत नव्हतं तेव्हाही "आज भाकरीचा वार" हे कळायचं.

वॉल्डॉर्फमध्ये त्या त्या ऋतूतली पानं-फुलं मांडून ठेवतात, त्याला ऋतूंचं टेबल म्हणतात. आम्ही कोनाडा म्हणतो. आहे ते नुसतं दारामागचं स्टूल. पावसाच्या सुरुवातीला बाजारात शेवळं आली की एक तिथे, भाद्रपदात गौरीसाठी आणलेल्यातला तेरडा, दसऱ्याला आपट्याची पानं, उन्हाळ्यात काटेसावरीचा कापूस. येऊरच्या जंगलातून आम्ही काही उचलत नाही, तिथे राष्ट्रीय उद्यानाचे नियम आहेत. उपवनच्या रस्त्यावर पडलेलं पुष्कळ मिळतं. तुमच्याकडे तर खाडी आहे, हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला न्या आणि घरी येऊन मुलं काय आठवून काढतात ते बघा. दिवाळीचा किल्ला मात्र त्यांचा त्यांना करू द्या, चिखलासकट. सोसायटीत बोलणी खावी लागतात. खावी.

हातकामासाठी विणकामच हवं असं नाही. आजीजवळ बसून वाती वळणं, हार ओवणं चालतं, आणि त्यात मुलगा-मुलगी बघायचं नाही. वॉल्डॉर्फमध्ये आकृतिरेखन म्हणून रेषा आणि आकार हाताने काढायला शिकवतात, त्याच्या फार जवळची आपली ठिपक्यांची रांगोळी आहे.

रात्री गोष्ट. पुस्तक नाही, मोबाइल नाही. निरांजन लावायचं, गोष्ट संपली की विझवायचं. एकच गोष्ट तीन-चार रात्री सांगायची, हे मला आधी पटलं नव्हतं. पण तिसऱ्या रात्री धाकटी मला दुरुस्त करायला लागली, "नाही, म्हातारीने आधी भोपळा उघडला." पाठ केलेलं नसतं ते, तिला समोर दिसत असतं.

अक्षरांवरून शाळेशी भांडू नका. वॉल्डॉर्फमध्ये औपचारिक वाचन-लेखन सातव्या वर्षाच्या सुमारास सुरू होतं, तेही चित्रातून अक्षर काढून. आपल्या मुलांना शाळेत आधीच लिहावं लागतं. बाई शिकवतात ते बरोबर नाही असं घरी ऐकलं की मूल मधल्यामध्ये चेंगरतं. बाईंशी बोलायचंच तर मुलाला कशात गोडी आहे ते सांगा.

श्टायनरच्या पुनर्जन्माच्या आणि अध्यात्माच्या कल्पना मी सरळ बाजूला ठेवल्यात. या वर्तुळांत कुठे कुठे लसींबद्दल नाक मुरडलं जातं, तिकडे लक्ष देऊ नका, लसी वेळच्या वेळी द्या.

टीव्ही पूर्ण बंद करून पाहिला; दोघं शेजारच्या काकूंकडे जाऊन बसायला लागली. आता शनिवारी संध्याकाळी लागतो, सगळे मिळून बघतो.

मंगळवारी माझी उशिराची पाळी असते. त्या दिवशी बाबा गोष्ट सांगतात, दर वेळी नवी, लोकलमधल्या माणसांची, निरांजनाबिरांजनाशिवाय. नियमात बसत नाही, पण मुलं सोमवारपासूनच तिची वाट बघतात.