विद्यापीठाच्या ग्रंथालयातले केमिस्ट्रीचे जुने खंड आज खरंच उपयोगी पडतात का?

तुम्ही लिहिलंय की नागपुरात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहात, प्रोजेक्टच्या संयुगावर नेटवर अलीकडचे पेपर मिळतात, पण कृती विचारली की प्रत्येक जण ‘पूर्वी प्रसिद्ध झालेल्या पद्धतीने’ म्हणून मोकळा होतो. मग ग्रंथालयातले धुळीचे खंड उघडावेत का?

उघडाच. माझ्यावर बेतलं होतं म्हणून सांगते.

पीएच.डी.च्या पहिल्या उन्हाळ्यात मी चालकोन नावाचं सेंद्रिय संयुग करायला घेतलं. बेंझाल्डिहाइड, असिटोफिनोन, अल्कोहोल, सोडियम हायड्रॉक्साइड. साधी क्रिया. मे महिना, प्रयोगशाळेत भिंतीवरचा पारा चाळिशीपार. फिकट पिवळे स्फटिक यायचे तर फ्लास्कच्या तळाशी चिकट, तेलकट लगदा. तीनदा केलं, तीनदा तेच. शेवटी ग्रंथालयात जाऊन ऑरगॅनिक सिंथेसिसचा पहिला एकत्रित खंड काढला. त्यात कृती अकारविल्हे लावलेल्या आहेत. ‘चालकोन’च्या जागी चालकोन नाही. मी खंड मिटत होते, तेवढ्यात तिथले परिचर काका म्हणाले, “ताई, नाव कायले शोधून राहिल्या? मागं फॉर्म्युल्याची यादी असते, ते पाहा ना.”

सी१५एच१२ओ. समोर लिहिलेलं होतं: बेंझालअसिटोफिनोन, म्हणजे चालकोनचंच दुसरं नाव. १९२२ सालची कृती, आणि खाली टीप: तापमान १५ ते ३० अंशांच्या मध्येच ठेवा, त्यावर गेलं की उपक्रिया होऊन माल कमी येतो आणि खराब येतो. माझा फ्लास्क तर सुरुवातच चाळिशीत करत होता! दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या रसवंतीतून बर्फ आणला, घमेल्यात फ्लास्क बसवला, आणि संध्याकाळपर्यंत ढवळणीला जड जाईल इतकं दाट पिवळं झालं.

ऑरगॅनिक सिंथेसिस ही मालिका १९२१ पासून निघते. तिच्यातली प्रत्येक कृती छापण्याआधी दुसऱ्या प्रयोगशाळेत करून पाहिलेली असते, म्हणूनच त्या टिपा इतक्या नेमक्या. आता ती नेटवर फुकट आहे. पण काकांनी शिकवलेली गोष्ट सगळ्याच खंडांना लागू पडते. नावं बदलतात, फॉर्म्युला बदलत नाही. केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स, म्हणजे रसायनातल्या लेखांच्या सारांशांचे आणि सूचीचे खंड, १९०७ पासूनचं, पण १९७२ मध्ये त्यांनी सूचीतली नावं मोठ्या प्रमाणावर बदलली. त्यामुळे त्याआधीच्या सूचीत जे संयुग एका नावाने आहे ते नंतर भलत्याच अक्षराखाली सापडतं. फॉर्म्युल्याच्या सूचीत आधी कार्बन, मग हायड्रोजन, उरलेली मूलद्रव्यं वर्णानुक्रमे. ही पद्धत हिल यांची, १९०० सालची. कागदावर मोजून फॉर्म्युला लिहा आणि मगच रॅककडे जा. जाण्याआधी पबकेम या नेटवरच्या फुकट संयुग-कोशात आपल्या संयुगाची सगळी पर्यायी नावं उतरवून घेतलीत तर आणखी बरं.

बाइलश्टाइन, म्हणजे सेंद्रिय संयुगांचा जर्मन कोश, दिसला तर जर्मनला घाबरू नका. संयुगाच्या नोंदीत ‘एफ’ म्हणजे द्रवणांक, ‘केपी’ म्हणजे उत्कलनांक, शेवटी मूळ लेखाचं नियतकालिक, खंड, पान. आपल्याला तेवढंच हवं असतं. केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्सवाले प्रत्येक संयुगाला देतात तो रजिस्ट्री नंबर घेऊन मात्र तिथे जाऊ नका. ते नंबर १९६५ पासूनचे, जुन्या खंडांत ते नसणार.

आणखी एक, फक्त ५४७ च्या कपाटापाशी थांबू नका. ड्युईच्या वर्गीकरणात सेंद्रिय रसायन तिथे आहे, पण तेलं आणि चरबी ६६५ मध्ये, रंग ६६७ मध्ये, औषधं ६१५ मध्ये, पाणी शुद्धीकरण ६२८ मध्ये. केमिस्ट्री अशी चार मजल्यांवर विखुरलेली असते. तेलांवर काम असेल तर अमरावती रोडवरची लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था (आता विद्यापीठ) जवळच आहे. १९४२ ची, डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने दिलेल्या पैशातून उभी राहिलेली. तिथे आपल्या विभागप्रमुखांचं पत्र घेऊन जा. नवीन नियतकालिकांसाठी १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ ही सरकारी योजना सुरू झाली आहे, तुमच्या ग्रंथपालांना लॉगिन विचारा.

जुना खंड झेरॉक्सच्या काचेवर उपडा दाबू नका. त्या काळच्या कागदाला तुरटी आणि राळेची खळ असे, त्यातून आम्ल तयार होऊन सेल्युलोजच्या साखळ्या तुटत जातात, आणि आपल्या उन्हाळ्यात ते आणखी वेगाने होतं. कोपरा दुमडला की बिस्किटासारखा तुटतो. मोबाइलने फोटो काढा, पुस्तक अर्धंच उघडून.

आणि कृपा करून वाचलेला खंड स्वतः रॅकवर परत ठेवू नका. टेबलावर राहू द्या, रजिस्टरमध्ये त्याचा नंबर लिहा. कोणी हात लावत नाही असं दिसलं की हे खंड बाद पुस्तकांच्या यादीत जातात. माझ्या डोळ्यांदेखत एका ठिकाणचे दोन रॅक असे गेले, आणि त्यातला एक खंड मला पुढच्याच महिन्यात लागला.