हेडस्टॉकवरचं नाव राहू द्या, टॉप बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाचा बारावी झालाय, जूनमध्ये पुण्याला हॉस्टेलवर जाणार आहे, त्याला पहिली ॲकूस्टिक गिटार घेऊन द्यायची आहे. दुकानात यामाहाची एफ३१० आणि फेंडरची सीडी-६०एस अशा दोन दाखवल्या. मित्र म्हणतात, फेंडर ही इलेक्ट्रिकवाली कंपनी, तिला ॲकूस्टिकमधलं काय कळणार, डोळे झाकून यामाहा घ्या.

मित्रांचं अर्धं बोलणं बरोबर आहे. इलेक्ट्रिक आणि ॲकूस्टिक ही दोन अगदी वेगळी कामं आहेत. सॉलिड बॉडी इलेक्ट्रिक म्हणजे साधारण साडेचार सेंटिमीटर जाडीचा भरीव लाकडी ठोकळा. वर पोलादी तारा, खाली चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. तार थरथरली की वेढ्यांत वीज उमटते आणि पुढचं सगळं ॲम्प्लिफायर करतो. लाकडाकडे मुख्य काम तारा नीट ताणून धरण्याचं. ॲकूस्टिकमध्ये ॲम्प्लिफायर म्हणजे वरची फळी, जिला आपण टॉप म्हणतो. ती जेमतेम तीन मिलिमीटरची, आणि तिच्यावर बारा नंबरच्या सेटचा (नंबर म्हणजे सगळ्यात बारीक तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) एकूण ताण सत्तर किलोच्या पुढे. इलेक्ट्रिकच्या नऊ नंबरच्या सेटचा ताण याच्या जवळपास निम्मा. टॉप पातळ ठेवला तर आवाज मोकळा येतो, पण तारा त्याला ओढून फुगवतात. जाड ठेवला तर पिढ्यान्‌पिढ्या टिकेल, पण आवाज आतच कोंडून राहील. या दोन्हींच्या मधली जागा शोधायची, टॉपच्या पोटाला चिकटवलेल्या पट्ट्या, म्हणजे ब्रेसिंग, कुठे किती तासायच्या ते हाताने ठोकून, ऐकून ठरवायचं, ही ॲकूस्टिकची खरी कारागिरी. इलेक्ट्रिकच्या कारखान्यात हे काम नसतंच, त्यामुळे ते तिथे आपोआप शिकलंही जात नाही.

आणि याचा पुरावा फेंडरच्याच इतिहासात आहे. लिओ फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. १९५०च्या सुमारास आलेली टेलिकास्टर, १९५४ची स्ट्रॅटोकास्टर, या गिटारींनी जग बदललं. त्यांची खुबी म्हणजे नेक (गिटारीची मान) वेगळी बनवायची, बॉडी वेगळी बनवायची आणि चार स्क्रूंनी जोडायची. काम झटपट, दुरुस्ती सोपी. १९६०च्या दशकात त्यांनी ॲकूस्टिकमध्ये उतरायचं ठरवलं तेव्हा माणूसही चांगला निवडला. रॉजर रॉसमाइझल हे जर्मनीत वाद्यं बनवणाऱ्याच्या घरात वाढलेले आणि रिकनबॅकर या गिटार कंपनीत नाव कमावलेले कारागीर. पण गिटार बनली ती फेंडरच्या सवयीने: तीच मेपलची नेक, तीच स्क्रूने जोडायची पद्धत, आणि ताण झेलायला बॉडीच्या आत या टोकापासून त्या टोकापर्यंत अ‍ॅल्युमिनियमची नळी. दिसायला देखणी, वाजवायला हलकी, पण मार्टिन आणि गिब्सन या जुन्या कंपन्यांच्या ॲकूस्टिकसमोर आवाज फिका. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ती मालिका बंद पडली. म्हणजे चांगला कारागीर हाताशी असूनही भागलं नाही, कारण कारखान्याचं डोकं इलेक्ट्रिकचं होतं. तुमच्या मित्रांचं मत असल्याच जुन्या गोष्टींवरून बनलं असणार, आणि त्या काळापुरतं ते योग्यच आहे.

इथे स्क्रूच्या नेकला मात्र दोष देऊ नका. टेलर कंपनी १९७०च्या दशकापासून आपल्या ॲकूस्टिकला बोल्टनेच नेक जोडते, आणि त्या गिटारींच्या आवाजाबद्दल कोणी तक्रार करत नाही. उलट वर्षांनी नेकचा कोन बिघडला तर ती काढून बसवणं सोपं जातं.

मित्रांचं दुसरं अर्धं, म्हणजे ‘इलेक्ट्रिकवाली कंपनी’ हा शिक्काच, तपासला तर टिकत नाही. लेस पॉल या मॉडेलमुळे गिब्सन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे इलेक्ट्रिक येते. पण ती कंपनी १९०२ साली मँडोलिन आणि पोकळ गिटारींसाठी सुरू झाली, आणि जे-४५ ही १९४२ची ॲकूस्टिक आजही चालू आहे. इबानेझ म्हटलं की हेवी मेटल आठवतं, पण जपानच्या होशिनो कंपनीने ते नाव घेतलं साल्वादोर इबान्येझ या स्पॅनिश गिटारकाराकडून, ज्याच्या क्लासिकल गिटार ते आयात करत. आणि यामाहा? १८८७ साली ऑर्गनपासून सुरुवात, मग पियानो, १९६६ साली एफजी ॲकूस्टिक आणि त्याच वर्षी इलेक्ट्रिकसुद्धा. यामाहाला ॲकूस्टिकवाली म्हणायचं तर त्यांची पॅसिफिका ही इलेक्ट्रिक हातात धरणाऱ्या अर्ध्या ऑर्केस्ट्रावाल्यांना काय सांगायचं?

याच्या उलटही झालंय. मार्टिन १८३३ पासून ॲकूस्टिक बनवतात, आज बहुतेक कंपन्या वापरतात ती एक्स आकाराची ब्रेसिंग त्यांच्याकडे १८४०च्या दशकातच आली होती. त्यांनी १९६०च्या दशकात आणि पुन्हा १९७९ च्या सुमारास इलेक्ट्रिक काढून पाहिल्या. दोन्ही वेळा चालल्या नाहीत.

मला सगळ्यात बोलकं उदाहरण गिब्सनचंच वाटतं. १९६९ साली मालकी बदलली, आणि १९७०च्या दशकात ॲकूस्टिकच्या टॉपखाली दुहेरी एक्सची जाड ब्रेसिंग घातली जाऊ लागली. हेतू असा की टॉप फुगून गिटार वॉरंटीत परत येऊ नयेत. गिटार परत येणं कमी झालं असेल, पण आवाज गेला. नाव तेच, लाकडं तीच आणि गिटार मुकी. पुढे नव्या मालकांनी फ्लॅटआयर्न ही मँडोलिन बनवणारी छोटी कंपनी विकत घेतली आणि १९८९ साली मोंटाना राज्यात बोझमनला फक्त ॲकूस्टिकसाठी वेगळा कारखाना काढला. इलेक्ट्रिक नॅशव्हिलला, ॲकूस्टिक बोझमनला. मँडोलिनवाल्यांना पातळ फळीचं काम ठाऊक होतं, आणि गिब्सनचा आवाज परत आला. म्हणून मी म्हणतो, कंपनी कुठली हे विचारण्यापेक्षा पातळ फळी कळणाऱ्या माणसांच्या हातात तिने काम सोपवलंय का, आणि त्यांना त्यांच्या पद्धतीने करू दिलंय का, हे विचारा. तसं केलं असेल तर मूळ धंदा कुठला याने काही अडत नाही. ओव्हेशन गिटार काढणारे चार्ल्स कामन हेलिकॉप्टर बनवत होते! कंपनं कशी रोखायची हे त्यांच्या इंजिनिअरांचं रोजचं काम, ते ज्ञान त्यांनी १९६६ साली उलट्या बाजूने वापरलं आणि गोल पाठीची गिटार दिली.

आपल्याला तर इतकं लांब जायचंही कारण नाही. मिरजेचे शिकलगार मूळचे हत्यारं बनवणारे, त्यांना धार लावणारे. तलवारीचे दिवस गेल्यावर एकोणिसाव्या शतकात ते तंबोऱ्याकडे वळले, आणि आज मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ चं जीआय मानांकन आहे. त्यासाठीचे भोपळे आपल्याच सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून जातात. हत्यारवाल्यांच्या पुढच्या पिढ्या जवारी लावायला, म्हणजे घोडी घासून तारेला झंकार आणायला, गवयांसमोर बसून शिकल्या, म्हणून ते जमलं.

आता तुमच्या बजेटमधली गोष्ट. या किमतीत वरचा सगळा इतिहास फार कामाला येत नाही, कारण या गिटार अमेरिकेतल्या त्या कारखान्यांत बनतच नाहीत. चीन, इंडोनेशिया इथल्या मोठ्या कारखान्यांत एकाच छताखाली अनेक नावांच्या गिटार तयार होतात. कॉर्ट हे नाव आपल्याकडे स्वस्तातली गिटार म्हणून माहीत आहे, पण त्याच कंपनीच्या इंडोनेशियातल्या कारखान्यात पीआरएस या महागड्या अमेरिकन कंपनीच्या एसई मालिकेच्या इलेक्ट्रिक बनतात. तेव्हा हेडस्टॉकवर, म्हणजे नेकच्या टोकाला, काय लिहिलंय हे सोडून मॉडेलमध्ये काय आहे ते बघा. एफ३१० चा टॉप लॅमिनेटेड आहे, म्हणजे सोप्या भाषेत प्लाय. सीडी-६०एस मधला ‘एस’ म्हणजे सॉलिड: टॉप अख्ख्या स्प्रूसचा, बाजू आणि पाठ प्लायची. ज्या कंपनीला ॲकूस्टिक कळत नाही म्हणून सांगितलं, तिच्याच गिटारीचा टॉप इथे सरस आहे. यामाहात सॉलिड टॉप हवा तर एफजी८०० मागा, ती फार चांगली गिटार आहे. आवाज सॉलिडचा जास्त मोकळा, आणि वाजवत राहिलं तर वर्षागणिक खुलतो.

इलेक्ट्रिकवाल्यांचा एक फायदा नवशिक्याला थेट मिळतो, तो म्हणजे नेक. फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), नट (नेकच्या टोकाची तारांच्या खाचांची पट्टी), नेकची जाडी, कडांचा गोलावा यात त्यांचा हात बसलेला असतो. बोटं अजून मऊ असलेल्या मुलाला पहिले तीन महिने हेच सगळ्यात महत्त्वाचं. एका बोटाने सगळ्या तारा दाबायच्या बार कॉर्डला हात दुखून गिटार कपाटावर गेली तर टॉप कसला होता याचा काय उपयोग?

पण सॉलिड घेताना सोलापूरची हवा विसरू नका. मार्च ते मे आपल्याकडे दुपारी चाळिशीच्या वर पारा आणि हवा कोरडीठाक. गिटारीला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. उन्हाळ्यात दुरुस्तीला येणाऱ्या गिटारींवर मी आधी नेकच्या कडेवरून अंगठा फिरवतो. फिंगरबोर्ड, म्हणजे नेकवरची बोटं दाबायची फळी, आक्रसलेला असतो आणि फ्रेटची टोकं कडेबाहेर येऊन करवतीसारखी लागतात. मग ब्रिजच्या (तारा अडकवलेल्या लाकडी पट्टीच्या) मागे टॉपवर पट्टी आडवी ठेवून बघतो. एरवी तिथे हलका फुगवटा असतो, मे महिन्यात टॉप बसलेला दिसतो, ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, खाली येते आणि तारा फ्रेटवर घासून झणझणतात. त्यात रात्री कूलर. दिवसा सुकायचं आणि रात्री कूलरच्या ओल्या झोतात फुगायचं, हे रोजचं खालीवर होणं नुसत्या कोरडेपणापेक्षा वाईट. टॉपला चीर जाते ती बहुधा अशाच खोलीत. उपाय महागडा नाही: गिटार भिंतीवर टांगू नका, केसमध्ये ठेवा. साबणाच्या डबीला भोकं पाडून त्यात घट्ट पिळलेला स्पंजचा तुकडा ठेवा आणि ती डबी हेडस्टॉकच्या बाजूला राहू द्या. स्पंज कोरडा झाला की पुन्हा भिजवून पिळा. भर पावसाळ्यात काढून टाका. एवढंही होणार नसेल, भाचा तसा निष्काळजी असेल, तर एफ३१० च घ्या, प्लायला हवेचा इतका त्रास होत नाही.

दुकानात गेल्यावर बॉक्समधली नवी नको, जी हातात घेऊन बघितली तीच बांधून मागा. साउंडहोलच्या, म्हणजे टॉपवरच्या गोल भोकाच्या, कडेला टॉपचा काप दिसतो, तिथे मोबाईलचा टॉर्च मारा. लाकडाच्या रेषा वरून आत सरळ उतरताना दिसल्या तर सॉलिड, थर दिसले तर प्लाय. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखालची जागा मोजा, अडीच-पावणेतीन मिलिमीटर ठीक, चारच्या पुढे गेली असेल तर सॅडल (ब्रिजमधली तारा टेकतात ती पट्टी) किती उरलाय बघा. सॅडल भरपूर वर असेल तर घासून ॲक्शन उतरवता येते, तो आधीच ब्रिजमध्ये बुडालेला असेल तर ती गिटार सोडा, मग नाव कुठलंही असो. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकदा वाजवून बघा. दुकानदार वैतागला तरी चालेल, पैसे तुमचे आहेत.

माझं मत विचाराल तर सीडी-६०एस घ्या. अकरा नंबरच्या तारा चढवून द्या, बोटांना बरं पडेल. सेटअपची मात्र इथे मे महिन्यात घाई करू नका. सोलापूरच्या उन्हाळ्यात बसवलेली ॲक्शन पुण्याच्या पावसात वर येणारच. गिटार पुण्याला जाऊन महिना-दीड महिना तिथल्या हवेत राहू द्या, मग ऑगस्टमध्ये तिथेच एखाद्या चांगल्या दुरुस्तीवाल्याकडून ट्रस रॉड (नेकच्या आतला, तिचा वाक जुळवायचा दांडा) आणि सॅडल बघून घ्यायला सांगा. घेण्याआधी शंका आली तर साउंडहोलचा, सॅडलचा आणि बाराव्या फ्रेटचा बाजूने काढलेला असे तीन फोटो इथे टाका, मी बघून सांगतो.