कात टाकणारा साप तोच असतो

प्रश्न असा आला आहे: १९८९मध्ये पूर्व युरोपातल्या कम्युनिस्ट राजवटी कोसळल्या, तेव्हा हंगेरी-पोलंडच्या कम्युनिस्ट पक्षांनी 'कात टाकली' म्हणावे, की त्यांचा 'कायापालट' झाला म्हणावे?

'कात टाकली' म्हणा. पण हल्ली बसस्थानकाला रंग दिला तरी ते 'कात टाकते', त्या अर्थाने नव्हे. आमूलाग्र बदल या अर्थी हा वाक्प्रचार जिथे तिथे ठोकून दिलेला वाचला की माझे डोके उठते.

विड्यातला कात सोडा, तो निराळा. ही कात संस्कृत 'कृत्ति'ची. कृत्ति म्हणजे कातडे. गजासुराचे कातडे पांघरणारा शिव तो कृत्तिवास! मुळाशी 'कृत्' धातू, अर्थ कापणे. 'कर्तरी'वरून आलेली कात्रीही त्याच घरातली, म्हणून काहीजण कात म्हणजे 'कातरून टाकलेली' असे सांगतात. साफ चूक. कात्री ही 'कात'ची बहीण, आई नव्हे.

आणि सापाला कोणी सोलत नाही. जुन्या कातडीखाली नवी आधी तयार होते, मगच जुनी तोंडाकडून उलटी सुटत जाते, थेट डोळ्यांवरच्या पारदर्शक खवल्यांसकट. सगळी गंमत या 'आधी'त आहे. हंगेरीत ही नवी कातडी १९६८च्या आर्थिक सुधारणांपासून धरत होती. ऑक्टोबर १९८९मध्ये 'समाजवादी कामगार पक्ष' या तिथल्या कम्युनिस्ट पक्षाच्या नावातला 'कामगार' गळला आणि समाजवादी पक्ष उरला. १९९०मध्ये ३८६पैकी ३३ जागांवर आलेला हा पक्ष १९९४मध्ये २०९ जागा घेऊन परतला. पोलंडचा पक्ष जानेवारी १९९०मध्ये विसर्जित झाला आणि त्याच अधिवेशनातून नवा निघाला. त्याचे नेते क्वाश्निएव्स्की, कम्युनिस्ट राजवटीतले मंत्री, १९९५मध्ये खुद्द वालेंसांना, कम्युनिस्ट राजवटीविरुद्धच्या 'सॉलिडॅरिटी' चळवळीच्या नेत्याला, हरवून अध्यक्ष झाले आणि त्यांच्याच काळात, १९९९मध्ये, पोलंड नाटो या पाश्चात्त्य लष्करी गटात गेला.

चेकोस्लोव्हाकियात मात्र १९६८मध्ये सुधारणा चिरडायला आलेल्या सोव्हिएत रणगाड्यांनंतर कम्युनिस्ट पक्षाने आपले सुधारणावादी लाखांनी हाकलले. खाली नवी कातडी धरणार कुठून? चेक पक्षाने 'कम्युनिस्ट' हे नाव पुढेही सोडले नाही. तिथे 'कात टाकली' लिहू नका.

राहिला 'कायापालट'. त्याला कायाच दुसरी लागते. हंगेरीत १९९४मध्ये पंतप्रधान झालेले ग्युला हॉर्न १९८९च्या एकपक्षीय सरकारात परराष्ट्रमंत्री होते; म्हणजे काया तीच. दोन्ही वाक्प्रचार समानार्थी म्हणून शिकवणाऱ्यांनी या हॉर्नना कुठे बसवायचे ते सांगावे.