घरात माणसं सहा, मग गाडी पाचची कशाला?

प्रश्न : सर नमस्कार, आम्ही कोल्हापूरला शिवाजी पेठेत राहतो. घरात सहा जण, मी, मिस्टर, दोन मुलं (सहावीत आणि दुसरीत) आणि सासू-सासरे. सासूबाईंना गुडघ्याचा त्रास आहे. डिझेल गाडी विकून इलेक्ट्रिक घ्यायचीय. मिस्टरांच्या मनात ह्युंदाईची क्रेटा इलेक्ट्रिक भरलीय, मी म्हणते कियाची कॅरेन्स क्लॅव्हिस ईव्ही घेऊया, सगळे एका गाडीत बसतील. त्यांचं म्हणणं, ती टुरिस्टची गाडी वाटते, पेठेतल्या बोळात वळणार नाही आणि एवढी माणसं घेऊन रेंज पण कमी पडेल. गडहिंग्लजला गावी नेहमी जाणं असतं, अधूनमधून पुण्याला नणंदेकडं पण. काय घ्यावं?

उत्तर : ताई, रेंजचा मुद्दा आधी निकालात काढूया कारण तो मुद्दाच नाहीये. दोन्ही गाड्यांना बॅटरीचे पर्याय सारखेच आहेत, 42 आणि 51.4 युनिटचे (युनिट म्हणजे किलोवॅट-तास, वीजबिलातलंच). क्रेटा जानेवारी 2025 मध्ये आली, क्लॅव्हिस ईव्ही जुलै 2025 मध्ये, आणि दोन्हींची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत तेव्हा 17.99 लाखच होती. मोठ्या बॅटरीवर गाड्या आल्या तेव्हा कंपन्यांनी क्लॅव्हिसला 490 किलोमीटर सांगितले आणि क्रेटाला 473, पण हे टेस्टमधले आकडे आहेत. सहा माणसं, एसी चालू, हायवेला नव्वदच्या आसपास, असं धरलं की युनिटला साडेसहा-सात किलोमीटर मिळतात, म्हणजे साडेतीनशेच्या आत-बाहेर. शंभरच्या वर पळवली की दोन्हींची रेंज भराभर उतरते.

आता तुमचा हिशोब बघा. गडहिंग्लज सत्तरएक किलोमीटर, जाऊन येऊन काहीच टेन्शन नाही. पुणे साधारण 230, घरनं फुल करून निघालात की एका दमात पोचता, आणि नणंदेकडं साधा पंधरा अँपियरचा पॉईंट असला तरी रात्रभरात तीसएक युनिट भरतात, शिल्लक राहिलेलं धरून परत यायला तेवढं पुरतं. तरी वाटेत एक फास्ट चार्जर हेरून ठेवा, कारण सातारा-कागल सहापदरीच्या कामामुळं डायव्हर्जन आणि ट्रॅफिक कुठं लागेल सांगता येत नाही. शंभर किलोवॅटच्या चार्जरवर क्लॅव्हिस 10 वरनं 80 टक्क्याला 39 मिनिटांत जाते असं कंपनी सांगते, चार्जर तीस-साठचा असला तर जास्त वेळ धरा. लहान बॅटरी मात्र घेऊ नका, पुण्याच्या ट्रिपला जीव टांगणीला लागतो.

राहिला खरा प्रश्न, माणसांचा. क्रेटासारख्या पाच सीटच्या गाडीत सहा जण म्हणजे धाकटं कुणाच्या तरी मांडीवर, आणि मला हे अजिबात पटत नाही. मांडीवरच्या पोराला बेल्ट नाही, जोरात ब्रेक लागला तर कितीही घट्ट धरलं तरी हातातनं सुटतं. जोतिबा-पन्हाळ्यापर्यंतच तर जायचंय असं लोक म्हणतात खरं, पण त्याच रस्त्याला वळणं आहेत आणि समोरनं एसटी येते. घरात सहा जण आणि सगळे मिळून जाणारे, तर सहा बेल्ट पाहिजेतच, माझ्या दृष्टीनं इथंच निर्णय होतो.

क्लॅव्हिसचं पण सगळंच चांगलं नाही हे ऐकून घ्या. तिन्ही रांगा उघड्या ठेवल्या की डिकी फक्त 216 लिटर, क्रेटाला 433 आहे, म्हणजे निम्मी. पण तुम्ही सात नाही, सहा आहात, आणि मागची रांग अर्धी-अर्धी दुमडते. पुढं तुम्ही दोघं, मधे सासू-सासरे आणि त्यांच्यात धाकटं, मागं थोरलं, आणि मागची उरलेली अर्धी सीट पाडून तिथं बॅगा, गावाकडनं आणलेलं तांदळाचं पोतं पण बसतं. मागं मोठ्या माणसाला लांबच्या प्रवासाला बसवू नका, बॅटरीमुळं फ्लोअर वर आलेला असतो, गुडघे उंच राहतात आणि मांडीला आधार मिळत नाही.

याच कारणासाठी सासूबाईंना शोरूमला घेऊन जा. नुसतं बसवून उतरवू नका. नेहमीच्या साडीत, नेहमीच्या चपलेत, मधल्या सीटवर पंधरा-वीस मिनिटं बसू दे. चढताना पाय किती उचलावा लागतो, हात कुठं धरतात, बसल्यावर पाऊल पूर्ण टेकतंय का, आणि उतरताना कुणाचा हात न धरता उतरता येतंय का, एवढं बघा. हे दोन्ही गाड्यांत करा आणि त्यांनाच विचारा, त्या संकोचानं ‘चालतंय की’ म्हणतील, तेव्हा चेहऱ्याकडं बघा.

बोळाचं म्हणाल तर क्लॅव्हिस क्रेटापेक्षा वीतभर लांब आहे, रुंदी जवळपास सारखीच. अडचण वळताना येते कारण व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, सतरा सेंटिमीटर जास्त. टेस्ट ड्राईव्ह शोरूमच्या रस्त्यावर न घेता गाडी घरापर्यंत मागवा, मिस्टरांनाच चालवू दे, संध्याकाळी सात वाजता बोळात दुचाक्या लागलेल्या असताना. तेव्हा नाहीच वळली तर माझं म्हणणं बाद, मग क्रेटा घ्या आणि सगळ्यांना जायचं असेल तेव्हा भाड्याची मोठी गाडी करा. टुरिस्टची वाटते म्हणून मात्र नाही म्हणू नका, ज्या गाडीत आजी-आजोबा सोबत येतात ती घरचीच गाडी.

बीवायडीची ईमॅक्स 7 पण सात सीटची आहे, पण ती आली तेव्हाच 26.90 लाखांपासून होती. तुमच्या वापराला तेवढं घालायची गरज वाटत नाही.

प्रश्न : शाहूपुरी कुंभार गल्लीत राहतो. 2019 आणि 2021 ला पार्किंगमध्ये पाणी आलं होतं. इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का?

उत्तर : घ्या, पण पुरात ठेवू नका, आणि हे पेट्रोल गाडीला पण तितकंच लागू आहे. बॅटरीला आयपी 67 हे पाणी-धुळीपासून बचावाचं रेटिंग असतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते, ते पण स्वच्छ पाण्यात. पंचगंगेचं गढूळ पाणी दोन-दोन दिवस हलत नाही. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. पाणी 39 च्या जवळ आलं की गाडी फुल चार्ज करून उंचावर पाहुण्यांकडं लावून या, शेवटच्या रात्रीपर्यंत थांबू नका, कारण शिरोलीजवळ हायवे बंद झाला की गाडी काढून पण जायला रस्ता नसतो. घरचा चार्जर भिंतीवर 2019 च्या पाण्याच्या खुणेच्या वर बसवा आणि पाणी यायच्या आधी त्याचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) पाडा. चुकून गाडी बुडालीच तर चालू करून बघू नका, चार्जिंगला तर लावूच नका, टो करून सर्व्हिस सेंटरला न्या.