अ‍ॅटम एन२७० ची नेटबुक भंगारात देण्याआधी

तुमचा प्रश्न असा: वडिलांच्या दुकानातली २००९ ची नेटबुक, अ‍ॅटम एन२७० प्रोसेसर, एक जीबी रॅम. लिनक्स मिंटचा (विंडोजऐवजी टाकायच्या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमचा) पेनड्राइव्ह लावला की काळ्या स्क्रीनवर एवढंच येतं की या कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) एक्स८६-६४, म्हणजे ६४ बिटचा सीपीयू लागतो, सापडला तो आय६८६, म्हणजे ३२ बिटचा. दुरुस्तीवाला म्हणतो मशीन गेलं, भंगारात द्या.

मशीन गेलेलं नाही. तो संदेश अक्षरशः खरा आहे, इतकंच. एन२७० हा २००८ साली आलेला ३२ बिटचा प्रोसेसर आणि तुम्ही उतरवून घेतलेलं मिंट ६४ बिटचं. पेनड्राइव्ह दहा वेळा नव्याने बनवलात तरी तोच संदेश येणार.

पण "जुना" म्हणजे "३२ बिट" असं सरसकट धरू नका. जानेवारी २००६ मधला कोअर ड्युओ ३२ बिटचा, त्याच वर्षी जुलैमध्ये आलेला कोअर टू ड्युओ ६४ बिटचा. नावात एका "टू"चा फरक. मशीनवर आधी विंडोज एक्सपी होतं म्हणून प्रोसेसरही ३२ बिटचा, असं समजून कोअर टू ड्युओवर ३२ बिट लिनक्स टाकलेली किती तरी मशीन्स मी पाहिली आहेत. कुठलंही जुनं ३२ बिटचं लाइव्ह लिनक्स (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणारं) चालू करून टर्मिनलमध्ये एलएससीपीयू ही आज्ञा द्या. ऑप-मोडच्या ओळीत ३२ आणि ६४ दोन्ही दिसले तर सरळ ६४ बिट टाका. तुमच्याकडे फक्त ३२ दिसेल.

आता काय टाकायचं? लिनक्स कर्नलने ३२ बिट सोडलेलं नाही. जुनापुराणा ३८६ प्रोसेसर २०१३ मध्ये, ३.८ आवृत्तीत गेला. हात काढून घेतला तो वितरणांनी, म्हणजे मिंटसारखं तयार लिनक्स बनवून देणाऱ्यांनी. आर्चने २०१७ मध्ये, फेडोरा आणि उबुंटूने २०१९ मध्ये. डेबियन हे वितरण त्यांच्यापेक्षा जास्त टिकलं, पण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिट पीसीसाठी ना इन्स्टॉलर आहे ना कर्नल. म्हणून तुमच्यासाठी उत्तर डेबियन १२, आय३८६ चा (३२ बिटचा) नेटइन्स्ट, म्हणजे बाकीचं इंटरनेटवरून उतरवून घेणारा छोटा इन्स्टॉलर. त्याला दीर्घ मुदतीचे सुरक्षा अपडेट जून २०२८ पर्यंत आहेत. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: पुढे कोणी कितीही सांगितलं तरी या मशीनवर १२ वरून १३ ला अपग्रेड करू नका.

इन्स्टॉल करताना डेस्कटॉपची यादी येते, तिथे गनोम या जड डेस्कटॉपवरची खूण काढा आणि हलका एलएक्सडीई घ्या. डेबियन १२ पासून वायफायचं बरंचसं फर्मवेअर (कार्ड चालायला लागणारं सॉफ्टवेअर) इन्स्टॉलरमध्येच असतं, पण ब्रॉडकॉमची काही जुनी कार्डं तरीही अडतात, म्हणून लॅनची केबल हाताशी असू द्या. तयार, हलकं काही हवं असेल तर अँटिक्स २३ बघा. तेही डेबियन १२ वरच बेतलेलं आहे.

खर्च करायचाच तर आधी रॅमवर करा. या चिपसेटची मर्यादा दोन जीबी. काही मॉडेलांत ५१२ एमबी बोर्डावरच पक्की बसवलेली असते, तिथे दीड जीबीवर थांबावं लागतं. सोबत झेडरॅम चालू करा, म्हणजे रॅम भरल्यावर डेटा संथ डिस्कवर हलवण्याआधी (स्वॅप) तो रॅममध्येच दाबून ठेवला जातो. साटा हार्डडिस्क असेल तर तिच्या जागी लहान एसएसडी चालते, आणि मशीन सुरू होण्याचा वेळ डोळ्यांना दिसेल इतका कमी होतो.

घड्याळाचा सेल मात्र विसरू नका. माझ्या पेंटियम एमच्या लॅपटॉपवर अपडेट होईनात, ब्राउझर प्रत्येक साइटला प्रमाणपत्र चुकीचं म्हणे. अख्खा रविवार मी वायफायच्या मागे घालवला. संध्याकाळी कोपऱ्यातल्या घड्याळाकडे नजर गेली, तर साल २००२! सीआर२०३२ सेल संपला होता. तारीख मागे गेली की डेबियन म्हणतं अपडेटची ही यादी अजून वैध नाही, आणि प्रमाणपत्रंही "अजून सुरू न झालेली" ठरतात. वीस-तीस रुपयांत काम झालं. नेटबुकमध्ये हा सेल बहुधा वायर लावून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला असतो, तो तसाच वायरसकट मागून घ्या.

खरी अडचण ब्राउझरची आहे, आणि ती मी लपवणार नाही. क्रोमने ३२ बिट लिनक्स २०१६ मध्येच सोडलं. मोझिलाने फायरफॉक्स १४४ नंतर सोडलं, १४० ची ईएसआर (जास्त काळ अपडेट मिळणारी) शाखा तेवढी काही काळ चालू ठेवली. शिवाय एन२७० ला एकच कोअर, १.६ गिगाहर्ट्झचा. चार टॅब उघडून वर व्हिडिओ लावलात तर मशीन गुदमरणार. बँकेचे व्यवहार यावर करू नका, ते फोनवर करा.

पण दुकानाचा हिशोब, उधारीची यादी, मालाच्या नोंदी, पावत्यांची छपाई? लिबरऑफिस कॅल्क यावर उघडायला वेळ घेतं, पण एकदा उघडलं की नीट चालतं. मराठीसाठी वेगळा प्रोग्राम मेमरीत ठेवायची गरज नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट (देवनागरी अक्षरांची प्रमाणित मांडणी) जोडा आणि देवनागरी फॉन्ट टाका. वडिलांना इनस्क्रिप्टची सवय नसेल तर पहिले आठ दिवस कळांवर अक्षरांचे स्टिकर लावून द्या. माझ्या काकांनी साठीनंतर असंच शिकून घेतलं, आणि आज ते उधारीची वही मशीनवरच ठेवतात.

मागचं झाकण उघडाल तेव्हा रॅमच्या पट्टीवर काय छापलंय ते इथे लिहा. कोणती पट्टी चालेल ते सांगतो.