अंगठा घाईने उठवू नका

प्रश्न : माझे पती ५४ वर्षांचे. लिम्फोमासाठी (लसिका ग्रंथींचा कर्करोग) रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू होतं. दोन महिन्यांत उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. पाठीतल्या पाण्याच्या तपासणीत जेसी विषाणू सापडला. डॉक्टर पीएमएल म्हणतात, म्हणजे या विषाणूने होणारा मेंदूचा आजार. एफडी त्यांच्या एकट्याच्या नावावर, नॉमिनी मी. बँक पैसे देत नाही. दीर म्हणतात, कुलमुखत्यारपत्रावर अंगठा घेऊ. घेऊ का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ताई, लगेच नको. आधी न्यूरॉलॉजिस्टना एकच विचारा आणि उत्तर लेखी घ्या : यांना समजतं का? हा विषाणू बहुतेकांच्या शरीरात निपचित असतो. प्रतिकारशक्ती खचली की मेंदूतल्या मज्जातंतूंचं आवरण नासवतो. कुठला भाग गेला त्यावर सगळं अवलंबून. बोलणं बंद झालं म्हणजे समज गेली असं नव्हे.

समज असेल तर बँकेच्या अधिकाऱ्याला दवाखान्यात बोलवा. आजारी खातेदाराचा हाताचा, नाहीतर पायाचा अंगठा घ्यायला रिझर्व्ह बँकेची मुभा आहे. बँकेच्या ओळखीचे दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी.

समज नसेल तर तुमच्या दिरांनी सुचवलेला कागद करार कायद्याच्या कलम १२ पुढे टिकणार नाही. आणखी एक गोष्ट, जी घरच्यांना सहसा कोणी सांगत नाही : आज समजून दिलेलं साधं मुखत्यारपत्रही पुढे समज गेली की कलम २०१ प्रमाणे संपतं. हा आजार आठवड्यांत पुढे सरकू शकतो, म्हणून त्यावर विसंबू नका. नॉमिनीचा हक्क तर ते हयात असेपर्यंत लागूच होत नाही.

मग रस्ता उच्च न्यायालयाचा. राज्यघटनेच्या कलम २२६ खाली रिट (उच्च न्यायालयाकडे थेट अर्ज) करून पत्नीला पालक नेमून घेता येतं. मुंबई उच्च न्यायालयाने असे आदेश दिले आहेत. तुम्हाला मुंबईच्या खेपा नकोत, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला याच न्यायालयाचं सर्किट बेंच (खंडपीठ) आहे. एमआरआय, पाण्याचा रिपोर्ट, मालमत्तेची यादी आणि सज्ञान मुलांची संमतीची प्रतिज्ञापत्रं जोडा. सासूबाई असतील तर त्यांचंही; हिंदू वारसा कायद्यात आई वर्ग १ ची वारस आहे. न्यायालय सरकारी डॉक्टरांकडून तपासणी करवून घेईल, त्यात दिवस जातात. तेवढ्यात बिलं थांबत नाहीत, म्हणून एक एफडी मोडण्याचा अंतरिम (अंतिम निकालाआधीचा तात्पुरता) आदेश पहिल्याच तारखेला मागा.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही. डॉक्टरांचा दाखला मात्र उद्याच घ्या.