आजीच्या चंचीतली सुपारी

प्रिय,

लहानपणी पाहिलेला टीव्ही म्हणजे फुकट गेलेला वेळ, असं तू लिहिलंस. मला ते पटलं नाही. तो वेळ तुझ्यात काहीतरी ठेवून गेलाय. काय, ते हुडकून काढ.

माझंच सांगतो. २४ ऑक्टोबर १९९५, दिवाळीतली सकाळ. खग्रास सूर्यग्रहणाची सावली राजस्थानातल्या नीम का थान्यावरून बंगालच्या डायमंड हार्बरकडे जाणार होती. आमच्या देवगडात खंडग्रास. आजीचा हुकूम सुटला, "गिराण सुटापर्यंत भायर जावचा नाय." फराळाच्या डब्यांवर तुळशीची पानं पडली, दारं लोटली गेली. पण माजघरात टीव्ही होता. पोफळीच्या वाशाला बांधलेला आंटेना, पडद्यावर निम्म्या मुंग्या, आणि त्यांच्याआडून प्रा. यशपाल ग्रहण समजावून सांगत होते. आजी टीव्हीकडे पाठ करून बसलेली. सूर्य पुरता झाकला आणि कडेला हिऱ्याच्या अंगठीसारखा उजेड चमकला, तशी तिनं मान वळवली. "राहूनं गिळल्यान, तर ह्यो उजेड खंयसून येता?"

मी अकरा वर्षांचा. तिच्याच चंचीतली सुपारी काढली, तिला एक डोळा मिटायला लावला आणि दुसऱ्या डोळ्यासमोर सुपारी धरून छतावरचा दिवा झाकून दाखवला. जवळ धरली की एवढीशी सुपारी अख्खा दिवा गिळते. बराच वेळ ती सुपारी पुढेमागे करून बघत राहिली. ग्रहण सुटल्यावर आंघोळ मात्र केलीच. मी विज्ञानाचा मास्तर झालो तो त्या सकाळी.

त्याच टीव्हीनं दुसरंही काही दिलं. बातम्यांतली मराठी तेवढी खरी, हे मनात बसलं. मी पाहिलेल्या मालिकांत मालवणी बोलणारा म्हणजे बहुतेक वेळा घरगडी, नाहीतर हसवायला ठेवलेला माणूस. रंगभूमीवर मच्छिंद्र कांबळींनी मालवणीला मान मिळवून दिला होता, पण तो आमच्या माजघरापर्यंत पोचला नव्हता. आठवीत असताना एसटी स्टँडवर आजीनं विचारलं, "खंय गेल्लंस रे?" सोबत मित्र होते. मी म्हणालो, "मी इथेच होतो." ती नुसती बघत राहिली. घर येईपर्यंत बोलली नाही. ते "इथेच" मला अजून टोचतं.

म्हणून एका संध्याकाळी कागद घेऊन बस. काय काय पाहिलं त्याची यादी नको. शेजारी कोण बसायचं, ते काय बोलायचं, पाहून कशाची हाव सुटली, घरातल्या कशाची लाज वाटू लागली, ते लिही. तुम्ही डोरेमॉन आणि छोटा भीम हिंदीतून पाहिलात, अंगणात खेळताना भांडायचातही हिंदीत. मी ओटीवरून ऐकलंय. दिवेलागणीला समेट कुठल्या भाषेत व्हायचा, तेवढं आठवून बघ.

आणि धाकट्या भावाच्या हातातून मोबाइल हिसकावू नकोस. तो कानात इअरफोन घालून एकटाच बघतो, याची मला खरी काळजी वाटते. त्याच्या शेजारी बस. मध्येच काहीतरी विचार. वैतागेल, वैतागू दे.

२ ऑगस्ट २०२७ ला आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे. पावसाचे दिवस, ढग असतीलच. तरी भावाला घेऊन ये. ग्रहणाचे चष्मे मी आणून ठेवतो. आजीची चंची माझ्याकडेच आहे.

तुझा,
सर